दोन डिस्क आणि एक लुकलुकता दिवा

वाचकांचे प्रश्न

या खेपेला आलेल्या पत्रांतली चार पत्रं एकाच विषयाची निघाली: लिनक्स ही संगणक-प्रणाली चालणाऱ्या छोट्या संगणकावर दोन-तीन डिस्क जोडून 'रेड' कसं करायचं, म्हणजे अनेक डिस्क मिळून एकच डिस्क असल्यासारख्या कशा वापरायच्या. म्हणून प्रिंटरचे आणि अंगठ्याच्या मशीनचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो. ब्रह्मपुरी तालुक्यात माझं दुरुस्तीचं दुकान आहे. आधी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचो, आता संगणक. खाली लिहिलंय ते दुकानातल्या टेबलावर केलेलं आहे, आणि त्यातलं थोडं फार किंमत मोजून शिकलेलं आहे.

प्रश्न : मी लाखांदूर तालुक्यात प्राथमिक शिक्षक आहे. मंडईच्या जत्रेतली दंडार, खडीगंमत ही लोकनाट्यं आणि झाडीपट्टीची रात्रभर चालणारी नाटकं गेली अकरा वर्षं कॅमेऱ्यात घेतो. १.४ टीबी साहित्य एकाच डिस्कवर आहे आणि ती आता सुरू होताना कटकट आवाज करते. घरी रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक (थोडक्यात 'पाय') आहे. ४ टीबीच्या दोन डिस्क घेतल्यात, पण जोडायची हिंमत होत नाही. कोणतं रेड करू आणि कसं? आमच्याकडे लाइन दिवसातून तीन-चार वेळा जाते.

उत्तर : गुरुजी, रेडचं नंतर बोलू. आधी त्या कटकट करणाऱ्या डिस्कची वायर काढा आणि आणखी एक, तिसरी, ४ टीबीची डिस्क आणा. खर्च वाढतो हे कळतं मला, पण ही तिसरी डिस्क पुढेही लागणारच आहे. आवाज करणारी डिस्क आणखी किती वेळा सुरू होईल ते कोणाच्या हातात नाही. पहिली नक्कल या तिसऱ्या डिस्कवर उतरवा. सगळं एकदम ओढू नका. जे कलावंत आता नाहीत, ज्यांचं दुसरं चित्रण कुठेच नाही, ते आधी उचला. सेकंदाला ८० एमबी वेग मिळाला तर १.४ टीबीला पाच तास लागतात, आजारी डिस्कला त्याहून जास्त. मध्येच वाचताना चुका यायला लागल्या तर पुन्हा पुन्हा कॉपी करत बसू नका. त्यासाठी 'जीएनयू डीडीरेस्क्यू' नावाचं साधन आहे. ते सहज वाचता येणारा भाग आधी उचलतं, अडलेल्या जागा शेवटाला ठेवतं आणि कुठवर आलो याची नोंद एका फाइलीत करतं. मध्ये लाइन गेली तरी तिथूनच पुढे सुरू करता येतं. ही नोंदीची फाइल मात्र मेमरी कार्डावर ठेवा, आजारी डिस्कवर नाही.

ते झालं की निवांत रेडकडे वळा. हे नाव १९८८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांच्या निबंधामुळे रूढ झालं. त्यांचं म्हणणं आपल्या उपयोगाचं होतं: एक मोठी महागडी डिस्क घेण्यापेक्षा बऱ्याच साध्या, स्वस्त डिस्क एकत्र जोडा, आणि एखादी मेली तरी बाकीच्यांनी काम धकवावं अशी मांडणी करा. नावातल्या 'आय' या अक्षराचा मूळ अर्थच 'स्वस्त' असा होता.

तुमच्यासाठी रेड १, म्हणजे आरसा. एका डिस्कवर जे लिहिलं जाईल तेच त्याच वेळी दुसरीवर. ४ टीबीच्या दोन डिस्क मिळून जागा ४ टीबीच मिळेल, आठ नाही. दुकानात पुष्कळ जण विचारतात की तीन डिस्क घेऊन रेड ५ का नाही करायचं, त्यात जागा कमी वाया जाते. रेड ५ चं तत्त्व बेरजेसारखं आहे. दोन संख्या दोन डिस्कवर आणि त्यांची बेरीज तिसरीवर. तिघींपैकी एक पुसली गेली तरी उरलेल्या दोघींवरून ती काढता येते. फार सुंदर युक्ती आहे. पण संख्या बदलून झाली आणि बेरीज बदलायच्या आतच लाइन गेली, तर बेरीज जुनी आणि संख्या नवी अशी गत होते. पुढे कधी डिस्क मेली की त्या चुकीच्या बेरजेवरून चुकीचीच संख्या निघते. दिवसातून चार वेळा लाइन जाणाऱ्या गावात, यूपीएसशिवाय, मी रेड ५ कोणाला सांगत नाही.

आता विजेचं. आपल्याकडे रेड बिघडतं ते बहुतेक इथेच, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अडॅप्टर लागतो आणि त्याच्या चारही यूएसबी पोर्टमधून मिळून फक्त १.२ अँपिअर बाहेर मिळतात. अडीच इंची पोर्टेबल डिस्क फिरायला लागताना एकटीच एक अँपिअरच्या आसपास ओढते. दोन डिस्क सरळ पायला लावल्या की व्होल्टेज बसतं, एक डिस्क क्षणभर नाहीशी होते आणि लिनक्स तिला मेली समजून आरशातून बाहेर काढतं. डिस्क धडधाकट असते, उपाशी असते एवढंच. म्हणून डिस्कला स्वतःची वीज द्या: स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब, नाहीतर १२ व्होल्टचा अडॅप्टर असलेलं दोन खणांचं डिस्कघर. अशा डिस्कघरावर 'रेड' लिहिलेलं बटण असेल तर त्याला हात लावू नका, डिस्क वेगवेगळ्या दिसू द्या. आरसा लिनक्सलाच करू द्या. कारण लिनक्स आरशाची सगळी माहिती डिस्कवरच लिहून ठेवतं. उद्या विजेच्या कडकडाटात पाय जळून गेला तरी त्याच डिस्क कोणत्याही लिनक्स संगणकाला लावल्या की आरसा पुन्हा उभा राहतो. डिस्कघराच्या सर्किटवर विसंबलात तर तसलंच डिस्कघर शोधत नागपूरपर्यंत फिरावं लागेल.

पायला पोटभर वीज मिळते की नाही हे तोच सांगतो. 'व्हीसीजेनसीएमडी गेट थ्रॉटल्ड' ही आज्ञा दिली की उत्तर शून्य यायला हवं. पाच आणि त्यापुढे चार शून्यं आली तर सुरू केल्यापासून केव्हातरी व्होल्टेज पडलेलं आहे. आधी अडॅप्टर आणि वायर बदला. बाजारातली मोबाइलची लांब, बारीक वायर इथे चालत नाही.

घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे 'यूपीएस' आणि दुसरा असा दोन बाजूंचा खटका असतो, तो यूपीएसवर ठेवा. पंख्याला अर्धा क्षण वीज गेलेली कळतही नाही, डिस्कला कळते. आणि आपल्याकडे लाइन जाताना जितकं बिघडत नाही तितकं येताना बिघडतं. येते, जाते, पुन्हा येते, आणि त्या दोन मिनिटांत व्होल्टेज कुठेही उडी मारतं. म्हणून अर्थिंग एकदा तपासून घ्या. मीठ-कोळशाचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडला असेल तर दोन बादल्या पाणी टाका.

उन्हाळ्याचंही इथेच सांगून टाकतो. बहुतेक हार्डडिस्कची कामाची मर्यादा ६० अंशांपर्यंत असते. मे महिन्यात टिनाच्या छपराखाली खोलीच ४५ अंशांवर गेली तर बंद डब्यातल्या फिरत्या डिस्कला किती जागा उरली ते बघा. पण म्हणून कूलरच्या तोंडाशी ठेवू नका! कूलरची हवा गार असते तशी ओलीही असते, आणि तिच्यातला क्षार सर्किटवर बसतो. आतल्या खोलीत, मातीच्या भिंतीजवळ, जमिनीपासून हातभर वर, मागेपुढे हवा खेळेल असं ठेवा. तुमच्या घरी धानाची कोठी असलेली खोली असेल तर ती बहुधा सगळ्यात थंड असते, पण भुश्श्याची धूळ तिथेच सगळ्यात जास्त असते. पातळ कापडाची जाळी लावा आणि महिन्याला झटका.

जोडणी तशी सोपी आहे. डिस्क जोडण्याआधी प्रत्येकीवर पांढरी पट्टी चिकटवून तिच्या अनुक्रमांकाचे शेवटचे चार आकडे मोठ्या अक्षरात लिहा. आज हे उगाच वाटेल. मग 'एमडीएडीएम' नावाचं साधन इन्स्टॉल करा. लिनक्समध्ये आरसा बांधायचं आणि सांभाळायचं काम तेच करतं. प्रत्येक डिस्कवर एक पार्टिशन, म्हणजे वापरायच्या जागेचा आखलेला भाग, पाडा आणि शेवटी दहा जीबी जागा मोकळी सोडा. दोन कंपन्यांची '४ टीबी' अगदी सारखी नसते. चार वर्षांनी बदली डिस्क आणाल आणि ती नखभर लहान निघाली, तर आरसा तिला घेणार नाही. दहा जीबी सोडलेली असली की ती अडचण येत नाही.

मग एमडीएडीएमला सांगायचं: नवा ॲरे (जोडलेल्या डिस्कांचा संच) बनव, नाव 'एमडी शून्य', पातळी एक, डिस्क दोन, आणि त्या ह्या. हीच एक आज्ञा धोक्याची आहे. तिच्यात जी नावं द्याल त्या डिस्कवरचं सगळं गेलं समजा. म्हणून त्या वेळी जुनी आणि तिसरी अशा दोन्ही डिस्क नुसत्या बंद नकोत, वायर काढून कपाटात हव्यात. डिस्कची 'एसडीए', 'एसडीबी' ही नावं दर वेळी तीच राहतील असं नसतं, कोण आधी जागं झालं त्यावर ती ठरतात. पट्टीवरचे चार आकडे पडद्यावरच्या अनुक्रमांकाशी बोट ठेवून जुळवा, मगच एंटर दाबा.

एंटर दाबलं की लिनक्स एका डिस्कवरून दुसरीवर सगळं उतरवत बसतं, रिकामी जागासुद्धा. सेकंदाला १२० एमबी धरले तर ४ टीबीला सव्वानऊ तास. प्रगती 'प्रॉक' फोल्डरमधल्या 'एमडीस्टॅट' या फाइलीत दिसते. ही फाइल ओळखीची करून घ्या, पुढे सगळं तिच्यावर आहे. चौकोनी कंसात इंग्रजी 'यू' हे अक्षर दोनदा असेल तर दोन्ही डिस्क हजर आहेत. एका 'यू'च्या जागी खाली आडवी रेघ असेल तर एक डिस्क गेलेली आहे. मोठ्या ॲरेला एमडीएडीएम आपणहून 'बिटमॅप' जोडतं. ती म्हणजे आत्ता कुठे लिहिणं चाललंय याची खूणचिठ्ठी. अचानक लाइन गेली तर परत आल्यावर सव्वानऊ तास पुन्हा घालवावे लागत नाहीत, खूण असलेल्या जागाच तपासल्या जातात आणि काही मिनिटांत काम होतं. त्याच फाइलीत 'बिटमॅप' हा शब्द दिसतो का बघा. नसेल तर जोडून घ्या. आपल्या लाइनीला दुसरं काही चालणार नाही.

त्यावर ईएक्सटी४ ही साधी, मुरलेली फाइल सिस्टिम, म्हणजे फाइली मांडून ठेवायची पद्धत, बसवा. ॲरेची माहिती एमडीएडीएमच्या कॉन्फ (सेटिंगच्या) फाइलीत लिहा आणि 'अपडेट-इनिटरामएफएस' ही आज्ञा चालवा, म्हणजे मशीनला ती माहिती सुरू होतानाच मिळते. हे विसरलात तर रिबूट केल्यावर 'एमडी शून्य' गायब होऊन 'एमडी १२७' नावाचा पाहुणा दिसेल. घाबरू नका, तो तुमचाच ॲरे आहे, नाव तेवढं बदललंय. सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या याची यादी असलेल्या 'एफएसटॅब' फाइलीत डिस्कचं नाव न लिहिता यूयूआयडी, म्हणजे न बदलणारा ओळख क्रमांक, लिहा आणि पुढे 'नोफेल' हा शब्द टाका, म्हणजे एखाद्या सकाळी डिस्क उठल्या नाहीत तरी पाय तरी उठेल. यात एक खड्डा आहे. डिस्क उठल्याच नाहीत तर ते फोल्डर मेमरी कार्डावरचं रिकामं फोल्डर असतं, आणि तुम्ही त्यातच नवीन नाटक उतरवून मोकळे होता. म्हणून ॲरे माउंट नसताना (फोल्डरला जोडलेला नसताना) त्या रिकाम्या फोल्डरला 'सीएचएटीटीआर' आज्ञेने 'आय' खूण लावा. मग त्यात कोणालाच काही लिहिता येत नाही, चूक जागीच कळते.

नाटकं उतरवण्याआधी एक दिवस परीक्षेला द्या. पाच-सहा बिनकामाच्या फाइली टाका. मशीन नीट बंद करा, एका डिस्कची वायर काढा, पुन्हा सुरू करा. अर्धा-एक मिनिट जास्त लागेल. एमडीस्टॅटमध्ये रेघ दिसेल. त्या अवस्थेत फाइल उघडून बघा, चालायला हवी. मग बंद करून डिस्क परत लावा, ॲरेत परत घ्या आणि दोन 'यू' दिसेपर्यंत उठू नका. रेघ कशी दिसते हे एकदा शांतपणे पाहिलेलं असलं की खऱ्या वेळी हात थरथरत नाहीत.

प्रश्न : मी अर्जुनी मोरगाव तालुक्यात लग्नाचं शूटिंग करतो. दोन डिस्क जोडून दुप्पट जागा आणि दुप्पट वेग देणारं रेड असतं म्हणतात. ते करू का?

उत्तर : ते रेड शून्य, भाऊ. त्यात प्रत्येक फाइलीचे तुकडे दोन्ही डिस्कवर पडतात. एक मेली की दुसरीवर अर्धेच तुकडे उरतात आणि सगळी लग्नं जातात. एडिटिंग चालू असताना तात्पुरतं वापरायला चालेल, तेही मूळ चित्रण दुसरीकडे असेल तरच. आणि पेन ड्राइव्ह जोडून रेड करायचं डोक्यात असेल तर ते काढून टाका. सततचं लिहिणं त्यांना सोसत नाही.

प्रश्न : हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयातले जुने अंक आणि हस्तलिखितं आम्ही दोघी-तिघींनी स्कॅन करून रेड १ वर ठेवली. एका मुलाने ते लावून दिलं होतं, तो आता पुण्याला असतो. परवा सहज पाहिलं तर कंसात एक 'यू' आणि एक रेघ दिसली. फाइली मात्र सगळ्या उघडतात. मशीन बंद करू की नवीन डिस्क लावू?

उत्तर : ताई, तुम्ही सहज पाहिलंत हे फार बरं केलंत. मी नव्हतं पाहिलं.

माझी आई रोवण्याची गाणी म्हणायची. बांधीत चिखलात वाकून, एकीने ओळ टाकायची आणि बाकीच्या बायांनी उचलायची अशी ती गाणी. शेवटच्या दोन पावसाळ्यांत मी ती छोट्या रेकॉर्डरवर घेतली, चाळीस गाणी. दुकानातल्या मशीनवर रेड १ करून त्यावर ठेवली आणि निश्चिंत झालो. दोन डिस्क आहेत, एक गेली तर दुसरी आहे. दिवाळीच्या सुमारास एक डिस्क गेली. मशीन चालू राहिलं, गाणी वाजत राहिली, कारण रेड याचसाठी तर असतं. ते काही बोलत नाही, काम करत राहतं. मी एमडीस्टॅट उघडून पाहिलं नाही. सात महिने मी एकाच डिस्कवर होतो आणि मला ते ठाऊक नव्हतं. मे महिन्यात एका दुपारी दुसरी थांबली. दोन्ही डिस्क एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आणलेल्या होत्या. सारख्याच चालल्या, सारख्याच तापल्या. तोवर आई गेलेली होती. बहिणीच्या मोबाइलमध्ये नऊ गाणी सापडली. एकतीस गेली. अजूनही एखाद्या गाण्याची पहिली ओळ ओठावर येते आणि पुढची येत नाही.

म्हणून आता मी सांगतो त्याच क्रमाने करा.

नवीन डिस्क लगेच लावू नका आणि मशीन बंद-चालूही करू नका. आधी फाइली दुसऱ्या कुठल्याही डिस्कवर कॉपी करा, हस्तलिखितं सगळ्यात आधी, कारण छापील अंक दुसऱ्या एखाद्या वाचनालयात मिळूही शकतील. कारण असं की नवीन डिस्क लावली की उरलेली एकटी डिस्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एका दमात, पूर्ण वाचली जाते. म्हाताऱ्या डिस्कला तेवढे कष्ट झेपले नाहीत तर जे हातात आहे तेही जाईल. कॉपी झाली की तिच्यातल्या दहा-वीस फाइली उघडून बघा, नुसती नावं बघून समाधान मानू नका.

मग रुसलेली डिस्क खरंच मेली आहे का ते बघा. 'स्मार्टसीटीएल' नावाचं साधन डिस्कची तब्येत सांगतं. यूएसबीवरच्या डिस्कला पुष्कळदा त्यात 'सॅट' हा प्रकार लिहून द्यावा लागतो. उत्तराच्या यादीत ५ आणि १९७ क्रमांकाच्या ओळी बघा. पाच म्हणजे खराब झालेल्या ज्या जागा डिस्कने बदलून घेतल्या त्यांचा आकडा, एकशे सत्याण्णव म्हणजे सध्या वाचता न येणाऱ्या जागा. दोन्ही शून्य असतील तर बहुधा वायर सैल आहे, नाहीतर अडॅप्टर थकलाय. वायर बदला, डिस्क परत ॲरेत घ्या आणि आठवडाभर लक्ष ठेवा. आकडे आठवड्या-आठवड्याला वाढत असतील तर तिला निरोप द्या. हीच पाहणी उरलेल्या डिस्कचीही करा, ती तर जास्तच गरजेची.

बदलताना चुकीची डिस्क निघू नये. डिस्कच्या मागे पट्टी नसेल तर पडद्यावर अनुक्रमांक काढून डिस्कवरच्या लेबलाशी जुळवा, एकीने वाचायचा आणि दुसरीने बघायचा. एमडीएडीएमला आधी त्या डिस्कसाठी 'फेल', मग 'रिमूव्ह' सांगा, मशीन बंद करा, डिस्क बदला, तिच्यावर तेवढंच पार्टिशन पाडा आणि 'ॲड' सांगा. त्या रात्री दुसरं कोणतंही काम त्या मशीनवर नको. नवी डिस्क दुसऱ्या दुकानातून, जमलं तर दुसऱ्या कंपनीची घ्या.

आणि पुन्हा असं नजरेआड होऊ नये म्हणून मी केलं ते तुम्हीही करा. बिघाड झाला की एमडीएडीएम ईमेल पाठवू शकतं, पण गावात नेट गेलेलं असलं तर ते पत्र कुठे जाणार? माझ्या मशीनवर आता एक हिरवी एलईडी आहे, ३३० ओहमच्या रेझिस्टरमधून पायच्या जीपीआयओच्या, म्हणजे बाहेरच्या वायरी जोडायच्या, पिनेला लावलेली. एक छोटी स्क्रिप्ट सतत एमडीस्टॅट वाचते. दोन 'यू' दिसले तरच दिवा लुकलुकतो. रेघ दिसली, ॲरेच दिसला नाही, स्क्रिप्ट बंद पडली, काहीही झालं तरी लुकलुकणं थांबतं. पहिल्यांदा मी बिघाड झाल्यावर लाल दिवा लागेल असं केलं होतं, पण मग लक्षात आलं की मशीनच अडकलं तर लाल दिवा लावणार कोण. म्हणून उलट केलं. दिवा दाराच्या चौकटीवर आहे. शेजारची शाळकरी मुलगीसुद्धा जाता-जाता सांगते, "काका, तुमचा दिवा लुकलुकून नाही राहिला." तेव्हा मी हातातलं काम टाकून उठतो. वाचनालयात पुस्तकं बदलायला येणाऱ्या मुलांना त्या दिव्याचा अर्थ सांगून ठेवा, तुमच्यापेक्षा जास्त लक्ष ते ठेवतील.

डेबियनच्या कुळातल्या लिनक्सवर (पायचं नेहमीचं लिनक्स त्यातलंच) महिन्याच्या पहिल्या रविवारी, मध्यरात्रीनंतर, दोन्ही डिस्क आपणहून एकमेकींशी पडताळल्या जातात. त्या वेळी मशीन चालू असू द्या. रोज रात्री बटण बंद करून घरी जात असाल तर ही तपासणी कधी होतच नाही. मग महिन्यातून एकदा दिवसा हाताने सुरू करा. एक मर्यादा लक्षात असू द्या. दोन डिस्कवर एकच फाइल वेगवेगळी निघाली तर त्यातली खरी कोणती हे या आरशाला कळत नाही. त्यासाठी प्रत्येक फाइलीचा 'शा २५६' ठसा काढून त्याची यादी जपा. फाइलीतलं एक अक्षर हललं तरी ठसा बदलतो. शंका आली की यादीशी ताडून बघायचं.

प्रश्न : पवनी तालुक्यातून विचारतो. रेड १ केल्यावर वेगळा बॅकअप कशाला लागतो? दोन प्रती तर झाल्याच ना.

उत्तर : दोन डिस्क झाल्या, प्रत एकच आहे. तुम्ही चुकून फोल्डर पुसलं तर ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसलं जातं. व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्या तर दोन्हीकडे. चोराने डबा उचलला तर दोन्ही. आणि पवनीच्या माणसाला मी पाण्याचं काय सांगू? २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगा भरून आली तेव्हा गोसीखुर्दच्या खालच्या किती गावांत छतापर्यंत पाणी होतं ते तुम्ही पाहिलं आहे. आमच्या तालुक्यात लोक अंगावरच्या कपड्यानिशी निघाले. त्या घाईत दोन डिस्कांचा डबा कोण उचलतो?

तिसरी प्रत लागते, आणि ती नदीकाठच्या गावात नको. ती रेडमध्येही नको, साधी एकटी डिस्क, वापर नसताना वायर काढलेली. लाखांदूरच्या गुरुजींना मी आधीच तिसरी डिस्क घ्यायला लावली ती याचसाठी. 'आरसिंक' नावाच्या साधनाने फक्त नव्या आणि बदललेल्या फाइली तिच्यावर जातात, म्हणून दर वेळी पाच तास लागत नाहीत. त्याला 'डिलीट'चा पर्याय मात्र देऊ नका, नाहीतर इकडे चुकून पुसलेलं तिकडेही पुसलं जाईल.

माझी तिसरी प्रत बहिणीकडे असते, तिचं सासर नागभीडच्या बाजूला, नदीपासून लांब. डिस्क दोन आहेत, एक तिच्याकडे, एक माझ्याकडे. ती भाऊबीजेला येते तेव्हा तिच्याकडची घेऊन येते आणि इथली ताजी घेऊन जाते. अक्षयतृतीयेला मी तिकडे जातो तेव्हा पुन्हा अदलाबदल. ओवाळून झालं की ती आधी पिशवीतून डिस्क काढते, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली, आणि आम्ही दोघं मिळून आईची ती नऊ गाणी एकदा लावून बघतो, सगळी उघडतात की नाही.